रात्रपाळीची किल्ली

ये जयमाला, बस.
हँडओव्हर मी बसूनच देते.
आधी ही किल्ली घे. रुमाल सोडू नकोस तिच्यावरचा.
जुडगा खुळखुळला की नऊ नंबरची खाट
भिंतीकडे तोंड करते.

बघ, एकोणतीस वर्षांनी मीही चुकते.
खाटेला कुठलं तोंड?
परशुराम घाग. कॉटन ग्रीनच्या गोदामात मुकादम होते.
केसपेपरवर लिहिलंय, सहकार्य करत नाही, अन्न नाकारतो.
तीन दिवस नाकारलं.
चौथ्या दिवशी विचारलं, मुकादम, ताट कुठं ठेवू?
म्हणाले, खाली.
खाटेवर बसून जेवला नव्हता माणूस जन्मात.
मांडी घातली, चित्राहुती घातली, भात कालवला,
आणि अर्धी पोळी माझ्यापुढं केली.
मी खाल्ली.
हे वहीत लिहिलेलं नाही.

पलीकडे, बायकांच्या बाजूला, नसीमा.
आवाज येतात का, असं तू विचारू नकोस,
ते सकाळी राउंडला सगळे विचारतात.
तू विचार, आज काय म्हणाले?
परवा सांगत होती, आज भांडले नाहीत सिस्टर,
नुसती चक्की चालल्यागत घरघर होती.
तिचं जरीकाम आहे, मदनपुऱ्यात.
गोळीनं आवाज बसले आणि हात कापू लागले,
आता सुईत दोरा जात नाही.
आपण म्हणतो सुधारणा आहे.
ती म्हणते, सुई धरता येईना, ही कसली सुधारणा?
डॉक्टरांशी चार दिवस वाद घातला मी,
आजपासून डोस बदललाय.
रात्री तिचे हात बघ. दिवा लावून नको,
पाण्याचा पेला दे आणि पेल्यातलं पाणी बघ.

तू विचारलं होतंस, तोडणकर सिस्टर या वॉर्डात कशा आल्या.
इथं कुणी यायला तयार नव्हतं, हे एक.
दुसरं म्हणजे माझे बाबा.
आणिक डेपोत कंडक्टर होते.
मी सातवीत असताना एका मंगळवारी बोलायचे थांबले.
डॉक्टरांनी आईला विचारलं, झोपतात का?
आईला विचारलं, जेवतात का?
मारतात का?
बाबा तिथंच बसले होते,
आईच्या आणि माझ्या मधल्या खुर्चीत,
हातात तिकिटाचा पंच.
डेपोनं तो परत मागितला नाही, का कोण जाणे.
घरी खिडकीशी बसून वाजवायचे.
टिक. टिक. कुणाचंच तिकीट नाही.

ते बरे झाले नाहीत. आधीच सांगते,
नाहीतर तू शेवटाची वाट बघत बसशील.
नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला होते,
एका रात्री पुस्तक मिटलं, जमिनीवर बसले त्यांच्यासमोर
आणि विचारलं, बाबा, काय होतंय?
कुणी त्यांना विचारलेलं मी तोवर ऐकलं नव्हतं.
माझ्यासकट.
कुकरच्या तीन शिट्ट्या झाल्या. आईनं गॅस बंद केला.
मग म्हणाले,
सुट्टे नाहीत.

एवढंच. पुढं कधी काही नाही.
सवयीनं बोलले, की खरंच सांगत होते मला काही?
अजून ठरवता येत नाही.

असो. अकरा नंबरला नवीन आहे.
पोलिसांनी रे रोडच्या पुलाखालून आणलाय,
कागदावर नाव अज्ञात.
हात सोडवलेत मी, पट्ट्या कपाटात ठेवल्यात, तिथंच राहू देत.
नाव लगेच विचारू नकोस.
आधी पाणी. मग, पंखा जोरात हवा की हळू.
खुर्ची नेशील तर बुटकी ने, ती ड्रेसिंगची.
बोलला नाही तर तूही बोलू नकोस,
पण उठू नकोस.
खिसे चाचपत असेल माणूस.

चल, माझी बस जाईल.
ताक ठेवलंय फ्रिजमध्ये तुझ्यासाठी,
झाकण ढिलं आहे, धरून उचल.